नगरच्या विहिरीतले बाण बेळगावात आणा: पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातून मराठीत पत्र आलं की ते कशाबद्दल असणार हे पाकीट फोडण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, हे पत्र सीमाप्रश्नावर नाही. शिमोगा जिल्ह्यात सापडलेल्या जुन्या लोखंडी बाणांपैकी थोडे बेळगावात आणून कायमचे मांडावेत, एवढीच मागणी आहे.

होसनगर तालुक्यातलं नगर म्हणजे जुनं बिदनूर. तिथल्या एका कोरड्या विहिरीतून 2018 साली आपल्याच राज्याच्या पुरातत्त्व खात्याने हजाराहून अधिक बाण बाहेर काढले. बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत, हैदर-टिपूच्या काळातली रॉकेटं. ती शिमोग्याच्या संग्रहालयात ठेवली गेली, ते योग्यच झालं. पण हजारातले पंधरा-वीस इकडे आले तर तिकडे काही उणं पडणार नाही.

माझा उद्यमबागेत लेथचा छोटा कारखाना आहे, त्यामुळे मी या वस्तूकडे आधी नळी म्हणूनच बघतो. इंग्रजांनी लंडनमधल्या वुलिचला नेलेल्या म्हैसूरच्या एका बाणाची मापं उपलब्ध आहेत. नळीचा बाहेरचा व्यास 58 मिमी, लांबी 254 मिमी, आणि ती चामड्याच्या पट्ट्यांनी 1.02 मीटर लांबीच्या तलवारीच्या पात्याला बांधलेली. दुसऱ्या एकाला पात्याच्या जागी बांबू. अग्निबाण तसे जुनेच, चीनमध्ये ते कित्येक शतकं आधीपासून होते. पण कागदाच्या नळीत दारू ठासायला मर्यादा पडते, दाब वाढला की नळीच फाटते. म्हैसूरच्या कारागिरांनी लोखंड ठोकून नळी केली. दारू जास्त मावली, दाब जास्त झेलला गेला आणि पल्ला हजार यार्डांच्या पुढे गेला. तीच नळी बिडाची ओतली असती तर तडकायचीच भीती जास्त. आमच्याकडच्या कुठल्याही फौंड्रीवाल्याला विचारा, चहा संपायच्या आत समजावून सांगेल. शाळेत मात्र 'टिपूने रॉकेटं वापरली' या एका ओळीवर विषय संपतो.

नेम म्हणाल तर यथातथाच. बाण सुटला की वाकडातिकडा जायचा, जमिनीवरून सरपटायचा, घोडे आणि बैल बिथरवायचा. त्याची दहशत यातच होती. कांचीपुरमजवळच्या पोल्लिलूरला 10 सप्टेंबर 1780 रोजी कर्नल बेलीच्या फौजेच्या दारूच्या गाड्या उडाल्या आणि इंग्रजांचा दारुण पराभव झाला. त्या गाड्या बाणांनीच पेटल्या असं मानतात. एप्रिल 1799 मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत रात्री शिरलेला आर्थर वेलस्ली बाण आणि बंदुकांच्या माऱ्यात सापडून मागे फिरला. हाच पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन. तरीही महिन्याभरात, 4 मे रोजी, श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. बाणांनी लढाया रंगवल्या, राज्य वाचवलं नाही. हेही फलकावर लिहायला हवं, नाहीतर संग्रहालयात पोवाडाच ऐकू येईल. पकडलेले बाण इंग्लंडला गेले, तिथल्या विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून आपली रॉकेटं बनवली आणि 1807 साली इंग्रजांनी त्या रॉकेटांनी कोपनहेगन शहर पेटवलं.

आता बेळगावच का? रामदुर्ग-नरगुंदच्या भावे संस्थानिकांवर 1785 साली टिपूची फौज चालून आली. रामदुर्ग आज आपल्याच जिल्ह्यात आहे. टिपूच्या ताब्यातल्या धारवाडच्या किल्ल्याला मराठा सेनापती परशुरामभाऊ पटवर्धनांनी वेढा घातला तो 1790 च्या पावसाळ्याअखेर, आणि किल्ला हाती आला तो थेट 1791 च्या एप्रिलमध्ये. वेलस्लीही बंडखोर धोंडजी वाघाचा पाठलाग करत 1800 च्या जुलैत मलप्रभेकाठी मुनवळीपर्यंत आला होता. बाण मराठ्यांच्या फौजेतही होते. म्हणजे या मुलखाने हे हत्यार दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

टिपू म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. सरकारने 2015 साली जयंती सुरू केली, 2019 साली बंद केली. त्या भांडणात मला पडायचं नाही. कारागिराची नळी कुठल्याच पक्षाची नसते. दालनात मधोमध लोखंड, सोरा, गंधक, कोळसा आणि पल्ल्याचा हिशेब असू द्या. राजे भिंतीवर बाजूला राहतील.

जागा बेळगावच्या किल्ल्यात मिळाली तर उत्तमच. कमल बस्ती आणि साफा मशीद बघायला लोक तिथे येतातच. लष्कराच्या अडचणीमुळे ते जमत नसेल तर कित्तूरचं संग्रहालय आहे. शेजारी आजच्या पिनाका या रॉकेट प्रणालीची माहितीही लावा. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेली ही प्रणाली 44 सेकंदांत 12 रॉकेटं सोडते आणि 1999 साली कारगिलमध्ये वापरली गेली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावातल्या पोरांना तोफखान्याचं आकर्षण कमी नाही. बाणापासून पिनाकापर्यंत नेम कसा सुधारत गेला हे त्यांना एका भिंतीवर दिसावं.

मधोमध कापून आतलं दाखवणारी नळीची प्रतिकृती आम्ही उद्यमबागेतले चार-पाच कारखानदार वर्गणी काढून करून देऊ. दारूशिवाय, अर्थातच. पुरातत्त्व खात्याने फक्त नगरच्या बाणांची अचूक मापं द्यावीत. फलक कन्नडमध्ये असतीलच, त्याखाली तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत मराठी मजकूरही असावा. तो शुद्ध लिहून द्यायला इथे शिक्षक आहेत, खात्यावर त्याचा भार पडणार नाही.

सुवर्णसौधमध्ये हिवाळी अधिवेशनासाठी सगळं मंत्रिमंडळ आमच्या गावात मुक्कामाला असतं. त्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला एक पत्र आपण पाठवावं आणि त्याची प्रत आम्हालाही मिळावी.

आपला,
उद्यमबागेतील एक लघुउद्योजक
बेळगाव