शिवराई तिसऱ्यांदा लिलावात; बोली कोण लावतं ते दिसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या खोपट आगारातून मी ३१ वर्षं एसटीत वाहक होतो. ड्यूटी संपल्यावर बॅगेतली चिल्लर मोजताना १९८५ चा इंदिरा गांधींचा पाच रुपया किंवा १९८९ चा नेहरूंचा रुपया निघाला, की तेवढे पैसे खिशातून भरायचे आणि नाणं बाजूला ठेवायचं. माझा संग्रह असा जमला. पण खरी ओढ शिवराईची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याची. जुन्नरकडच्या आमच्या घरात, आजीच्या देवघरात टाकांशेजारी एक शिवराई असायची. दसऱ्याला ती चिंचेने घासायचं काम माझं. (जुन्या नाण्याला चिंच लावायची नसते, हे फार उशिरा कळलं.) घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती कुठे गेली, कोणालाच सांगता आलं नाही.

म्हणून निवृत्तीनंतर मी शिवराई शोधायला लागलो. नाणी-नोटांच्या प्रदर्शनात जायचो, व्यापाऱ्यासमोर बसून नाणं हातात घ्यायचो, घासाघीस करायचो. करोनानंतर चांगला माल बहुतेक ऑनलाइन लिलावातच जायला लागला, तसा मीही तिकडे वळलो.

तिथला माझा अनुभव असा. गेल्या वर्षी एक शिवराई लिलावात आली, सुरुवातीची बोली १,५०० रुपये. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असतं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यात हाताने घाव घालून पाडलेलं नाणं. त्यामुळे बहुतेक शिवराईंवर कुठलं ना कुठलं अक्षर कडेला अर्धंच उमटतं. या नाण्यावर मात्र ‘श्री’ जवळजवळ अख्खा होता. ‘शिव’मधल्या ‘व’चा उजवा काना कडेने कापला गेलेला आणि मागच्या बाजूला ‘पति’च्या खाली नखाएवढा टवका उडालेला. मी ६,००० ची मर्यादा घालून ठेवली. म्हणजे समोरच्याने वाढवलं की संगणक आपल्या वतीने तेवढंच वाढवत जातो आणि आपली मर्यादा दुसऱ्या कोणाला दिसत नाही, असं नियमात लिहिलेलं आहे. रात्री अकराला वेळ संपायची होती. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, ती वाढत वाढत पावणेबारा झाले. दोनशे-दोनशेने कोणीतरी चढत गेलं, माझी मर्यादा ओलांडली आणि ६,२०० ला नाणं गेलं. वाईट वाटलं, पण कोणा शौकिनाच्या घरी गेलं असेल म्हणून मी मनाची समजूत घातली.

दीड महिन्याने त्याच कंपनीच्या पुढच्या लिलावात तेच नाणं! तोच कापलेला काना, तोच टवका. हाताने पाडलेली दोन नाणी कधी सारखी नसतात, त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले, मुलीलाही दाखवले. या वेळी मी ४,५०० ची मर्यादा घातली. पुन्हा तसंच कोणीतरी दोनशेने चढत आलं आणि ४,७०० ला नाणं गेलं. आता येत्या रविवारच्या यादीत ते तिसऱ्यांदा आलं आहे. विक्रेताच कोणाकडून तरी स्वतःच्या नाण्यावर बोली चढवून घेतो की काय, असा मला संशय येतो.

पहिल्या दोघांनी पैसे भरले नसतील, असंही होऊ शकतं. तसं असेल तर ‘परत आलेलं नाणं’ असं यादीत लिहायला काय हरकत आहे? उलट, मागच्या निकालांच्या पानावर आजही ती ६,२०० आणि ४,७०० ‘विक्री किंमत’ म्हणून दिमाखात उभी आहे आणि व्यापारी तेच पान दाखवून दुसऱ्या शिवराईला भाव सांगतात. मी कंपनीला तीन मेल केले. ‘सर्व बोली खऱ्या आहेत, ग्राहकांची माहिती गोपनीय असते’, एवढं उत्तर आलं. मला कोणाचं नाव नको आहे. प्रत्येक बोली लावणाऱ्याला एक कायमचा क्रमांक द्या आणि कोणत्या क्रमांकाने किती वाजता किती बोली लावली ते लिलावानंतर उघड करा. एकच क्रमांक एकाच विक्रेत्याच्या मालावर दर वेळी चढतो आणि दर वेळी तो माल परत येतो, असं असेल तर ते कोणालाही दिसेल.

आमच्या आगारात लिलावाची भिशी चालायची. वीस जण कँटीनमध्ये गोल करून बसायचे. कोणाला मुलीच्या लग्नाची घाई आहे आणि कोण नुसताच बोली वाढवतो आहे, हे तोंडावर दिसायचं. बोलीवर माणसाचा विश्वास बसतो तो असा.

माझी मुलगी ठाणे कोर्टात वकिली करते. तिने मला मालविक्री कायदा, १९३० मधलं कलम ६४ वाचून दाखवलं. विक्रेत्याला स्वतःच्या मालावर बोली लावायची असेल, तर तो हक्क आधी जाहीर करून राखून ठेवावा लागतो. तसं न करता त्याने स्वतः बोली लावली किंवा दुसऱ्याला लावायला सांगितली, तर घेणारा ती विक्री फसवणुकीची मानू शकतो. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या असतील, तर त्याला विक्री रद्दही करता येते. ९० वर्षांहून जुना कायदा आपल्या बाजूने आहे, पण पुरावा सगळा कंपनीच्या संगणकात. बोलीच दिसत नसेल तर ती खोटी होती हे मी सिद्ध कसं करणार? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे.

जिंकलेल्या नाण्याचीही गोष्ट आहे. १८४० चा राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया मला २,४०० च्या बोलीला मिळाला. त्यावर १५ टक्के कमिशन, जीएसटी, कुरिअर असं करत तो तीन हजारांच्या वर गेला. हा आकडा बोली लावताना पडद्यावर कुठेही दिसत नव्हता. पाकीट फोडून नाणं तळहातावर घेतलं आणि ते हलकं लागलं. आयुष्यभर चिल्लर मोजलेल्या हाताला एवढं कळतं. जांभळी नाक्यावर ओळखीच्या सराफाकडे जाऊन काट्यावर ठेवलं. असा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम असायला हवा. वापरून झिजला तरी थोडाफार कमी भरेल. हा भरला ९.८. कडेवरून नख फिरवलं तर दातऱ्यांच्या मधून एक बारीक रेघ लागली, दोन साच्यांच्या सांध्याची. म्हणजे नाणं ठशाने पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं, नकली. यादीत वजन दिलेलं नव्हतं आणि कडेचा फोटोही नव्हता. ‘जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही’ ही अट मात्र होती. प्रत्येक नाण्याचं वजन आणि कडेचा फोटो द्यायला एक काटा आणि एक मोबाइल पुरतो.

आपल्या वृत्तपत्राने या लिलावांची चौकशी करून सविस्तर बातमी द्यावी, ही कळकळीची विनंती. दोन्ही लिलावांचे फोटो, मेल आणि बोलीच्या रात्रींचे स्क्रीनशॉट माझ्याकडे तारखेनिशी आहेत; मी ते घेऊन कधीही कार्यालयात येईन. रविवारच्या यादीत त्या शिवराईची सुरुवातीची बोली पुन्हा १,५०० आहे. मी अजून मर्यादा घातलेली नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
चरई, ठाणे (पश्चिम)