पालकमंत्री साहेब, फ्लेक्सवर ओलावाही छापा

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पश्चिम विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांमधून आम्ही काही कास्तकार हे पत्र लिहीत आहोत. आमच्यातला एक जण तालुक्याला फ्लेक्स छापतो, त्यामुळे शेतीइतकंच फ्लेक्सबद्दलही बोलणार आहोत. सरकारी योजना चांगली की वाईट हा वाद आज नको. तक्रार जाहिरातीची आहे. योजना लोकांपर्यंत पोचवायला केवढे फ्लेक्स, केवढं डिझेल, केवढे मेसेज खर्ची पडतात आणि कास्तकाराला जे कळायला पाहिजे, नेमकं तेवढंच राहून जातं.

2025-26 च्या हंगामाचा कापूसच घ्या. लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल, मध्यम धाग्याचा 7710. फ्लेक्सवर चढतो तो 8110. आकडा खरा आहे, पण अर्धा. हा भाव 8 टक्के ओलाव्याच्या कापसाचा. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कापला जातो: 9 ला 8028.90, 10 ला 7947.80, 11 ला 7866.70, 12 ला 7785.60. बाराच्या वर गेला तर सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, घेतच नाही. शिवाय धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर (धाग्याची जाडी-पक्वता) पाहून भाव आणखी खाली येऊ शकतो.

आता पहिला वेचा, म्हणजे पहिली वेचणी, आठवा. ऑक्टोबरचा महिना, बोंडं खालची, सकाळी दव, मधूनच पाऊस. असा कापूस सकाळी वेचून संध्याकाळी गाडीत भरला तर मीटर अकरा-बारा सहज दाखवतो, कधी त्याहून वर. फ्लेक्स वाचून आलेल्याच्या डोक्यात 8110 असतात. 25 क्विंटलची गाडी 11 टक्क्यांवर लागली, तर 6082 रुपये 50 पैसे कमी हातात येतात. साडेबारावर लागली तर गाडी परत, भाडं दुप्पट, आणि वाटेतच खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, उभा. मग केंद्रावर कापूस तपासणाऱ्या ग्रेडरशी भांडण होतं. ग्रेडरनं नियमच लावलेला असतो. तो नियम लोकांना आधी कोणी सांगितलेला नसतो.

सांगायचं म्हटलं तर फार थोडं आहे. दव उतरल्यावर, साधारण नऊ-दहा वाजता वेचणी सुरू करा. वेचलेला कापूस घरात ढीग मारून ठेवू नका. खळ्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर तीन-चार इंचांचा थर पसरा, दुपारी एकदा उलटा. सरकी दाताखाली धरा. कडकन फुटली तर वाळली, चेपली तर अजून ऊन पाहिजे. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला, कापूस वेगळा ठेवा. पहिल्या वेच्याचा आणि नंतरच्या वेच्याचा ढीग एक करू नका, नाहीतर ओल्यामुळे कोरड्याचाही भाव जातो. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका. त्याचे धागे कापसात मिसळले की जिनिंगमध्ये निघत नाहीत. एवढा मजकूर एका फ्लेक्सवर मावतो.

फ्लेक्सचंच सांगतो. 10 बाय 20 म्हणजे 200 चौरस फूट जागा. तिथे आज काय असतं? मध्ये मोठा चेहरा, बाजूला दोन मध्यम, खालच्या पट्टीत गोल गोल चौकटींतले शुभेच्छुक, आणि अगदी तळाशी दोन इंची अक्षरांत ‘अधिक माहितीसाठी कृषी विभागाशी संपर्क साधावा’. आमच्या धंद्याचा ढोबळ हिशोब असा की दहा फूट अंतरामागे एक इंच अक्षर पाहिजे. म्हणजे ती ओळ वीस फुटांवरून वाचता येते. फ्लेक्स मात्र सडकेपासून चाळीस-पन्नास फूट आत आणि बारा फूट उंच. माहितीची ओळ वाचायला कास्तकारानं शिडी आणावी काय?

ताशी चाळीसनं जाणारी मोटारसायकल सेकंदाला छत्तीस फूट कापते. दीडशे फुटांवरून फ्लेक्स दिसायला लागला तर वाचायला चार सेकंद मिळतात. तेवढ्यात सात-आठ शब्द वाचून होतात, सोळा चेहरे ओळखून होत नाहीत. म्हणून हेडिंग पंधरा इंची, खाली आठ इंची अक्षरांच्या पाच ओळी. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांना जागा जाते, त्यामुळे सहा इंचांवर भागत नाही. ओळींमध्ये चार इंच सोडूनही फोटोंसाठी अडीच फुटांची पट्टी शिल्लक राहते. पांढऱ्यावर काळं किंवा पिवळ्यावर काळं छापा. भगव्यावर पांढरं, हिरव्यावर लाल असलं काही करू नका; विदर्भातल्या उन्हात रंग उडाला की आधी तीच अक्षरं जातात.

फोटोंबद्दल सुप्रीम कोर्टानं 13 मे 2015 ला सांगितलंच होतं: सरकारी पैशाच्या जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कोणाचा फोटो नको. 18 मार्च 2016 ला ते सैल करून राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याचे मंत्री यांना मुभा दिली. म्हणजे तुमच्या खात्याच्या सरकारी जाहिरातीत तुमचा फोटो बसतो. शुभेच्छुकांचा बसत नाही, म्हणून ते स्वतःच्या खर्चानं वेगळा फ्लेक्स लावतात, बहुतेकदा परवानगीशिवाय. ते रोखायला 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. आमचा फ्लेक्सवाला भाऊ म्हणतो, धंदा त्यांच्यावरच चालतो, जास्त ओढू नका.

नव्या फ्लेक्सपेक्षा जुना जास्त घात करतो. ‘एक रुपयात पीक विमा’ 2023 च्या खरिपापासून होता, 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता सोयाबीनसारख्या खरीप पिकाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला 5 टक्के हप्ता आहे. सोबत ‘नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवा’ हेही 2025 ला राज्यानं काढलं आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याचे प्लॉट कापून काढलेल्या उत्पन्नावर, आणली. पण योजना सुरू होताना भिंती रंगवायला माणूस येतो, बंद झाल्यावर पुसायला कोणी येत नाही. जुनी भिंत वाचून कास्तकार रुपया घेऊन सेतू केंद्रावर जातो आणि तिथल्या पोराला शिव्या घालतो. प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात ‘हंगाम 2026 पुरते’ एवढं लिहा आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल तो उतरवल्यावरच काढा.

दुसरी गोष्ट वेळेची. फ्लेक्स लागतो खरेदीच्या उद्घाटनाला, काट्याची पूजा करताना. कास्तकाराचं काम त्याआधी तीन महिने सुरू होतं. ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवर आपल्या पिकाची नोंद, असते. वावरात उभं राहून फोटो काढायचा, लोकेशन जुळायला हवं. धुऱ्यावर नेटवर्क नसेल तर फोटो काढून ठेवायचा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायचा. ती राहिली तर सातबाऱ्यावर पीकपेरा (कोणतं पीक पेरलं त्याची नोंद) कोरा. पीकपेरा कोरा तर सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी अडते. 2025 ला ती नोंदणी 1 सप्टेंबरला सुरू झाली. नोंदणी नाही तर स्लॉट नाही, आणि स्लॉट नाही तर गाडी गेटबाहेर. म्हणजे दिवाळीत जे अडलं ते पोळ्याच्या आसपास चुकलेलं असतं. पोळ्याला आमच्याकडे फ्लेक्स लागतात, पण ते शुभेच्छांचे.

चित्ररथाचंही तसंच. एलईडी लावलेली गाडी सकाळी अकराला चौकात येते. त्या वेळी गावात म्हातारी माणसं आणि अंगणवाडीतली लेकरं असतात. बाकी सगळे वावरात. गाणं वाजतं, फोटो काढतात, गाडी पुढच्या गावाला. हीच गाडी संध्याकाळी सातनंतर किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी उभी करा. सोबत सीसीआयचा ओलावा मोजायचा मीटर आणा, लोकांना मूठभर कापूस आणायला सांगा आणि समोर मोजून दाखवा. गर्दी जमवायला गाण्याची गरज पडणार नाही.

मेसेज इंग्रजीत किंवा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत का येतात, तेही आम्हाला माहीत आहे. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस 160 अक्षरांचा, देवनागरीचा 70 चिन्हांचा, आणि काना-मात्रा त्यात वेगळ्या मोजल्या जातात. लांब मजकुराचे दोन-तीन मेसेजचे पैसे लागतात, म्हणून कोणीतरी कंजुषी करतं. सत्तरमध्ये बसवून दाखवतो: ‘कापूस नोंदणी: आधार, 7/12, पीकपेरा. ओलावा 12% वर नको.’ बावन्न झाले, अठरा उरले. त्यात शेवटची तारीख बसते. तुमच्या आवाजातला भर दुपारचा फोन मात्र बंद करा. पाठीवर पंप असताना फवारणीच्या ओल्या हातानं फोन काढावा लागतो, आणि पलीकडून ‘नमस्कार’ म्हणणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. त्यापेक्षा कोतवालाची दवंडी बरी. त्याला थांबवून ‘कोणते कागद रे भाऊ?’ असं विचारता तरी येतं.

खताच्या पोत्यावरही हाच प्रकार आहे. 2022 पासून युरियाच्या 45 किलोच्या पोत्यावर दोन तृतीयांश जागा योजनेच्या नावाला आणि ‘भारत’ ब्रँडला, कंपनीला एक तृतीयांश. एकरी किती टाकायचा आणि केव्हा, हे दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात छापायला जागेचं भाडं लागत नाही. पण ते दिल्लीचं काम, तुमच्या हातात नाही.

जाता जाता एक धोका. उतरवलेले फ्लेक्स गावात वाया जात नाहीत. कुटाराच्या (जनावरांच्या भुशाच्या) गंजीवर जातात, गोठ्यावर जातात, आणि अंगणातल्या कापसाच्या ढिगावरही जातात. कुटाराला चालतात. कापसाला नाही, खाली हवा खेळत नाही, रात्री दमट धरतं आणि दोन दिवसांत ओलावा टक्का-दीड टक्का वर. उघड्यावर ठेवायचा झालाच तर सुती चादर टाका, फ्लेक्स फक्त पाऊस आला तर आणि तेवढ्यापुरताच.

येत्या खरिपाचा मजकूर आम्ही इथेच देतो. हेडिंग: ‘कापूस विकायचा? आधी ई-पीक पाहणी’. खाली पाच ओळी: पाहणीची आणि नोंदणीची शेवटची तारीख; आधार, पीकपेरा असलेला सातबारा, आधार जोडलेलं बँक खातं; 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव; 12 च्या वर खरेदी नाही; दव उतरल्यावर वेचा, ऊन दाखवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फाट्यावर, पानठेल्याजवळ, सडकेला लागून लावा. फोटो कोणता टाकायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पट्टी अडीच फुटांची आहे.

आपले,
काही कास्तकार आणि एक फ्लेक्सवाला