आई, या वेळी तुझा रिपोर्ट आधी

प्रिय आई आणि बाबा,

सा. न.

फोनवर बोलायला गेलं की बाबा म्हणतात "बरं बरं, पाहू" अन् आई फोन स्पीकरवर ठेवून कुकरकडे निघून जाते, म्हणून हे सगळं लिहूनच पाठवते आहे. व्हॉट्सॲपवर लांबलचक आहे, पण चहा घेऊन दोघंही एकत्र बसून वाचा. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईचा चष्मा सापडेपर्यंत वेळ जाईल.

मागच्या महिन्यात मी नागपूरला होती तेव्हाचा तो रविवार आठवतो ना. शनिवारी रात्री काकांकडची सगळी मंडळी आली होती, सगळे सावजीला गेलो, बाबांनी मटण घेतलं, आई तू पाटवडी रस्सा घेतला. साडेदहाला घरी आलो. सकाळी साडेआठला रक्त घ्यायला मुलगा येणार होता अन् बाबा सातला फिरून येता येता कोपऱ्यावर तर्री पोहे खाऊन आले, सवयच ती. मग रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६८ आलं आणि घरात जी धावपळ सुरू झाली, मावशीचा फोन, काकांचा फोन, तूप बंद, बटाटा बंद. बाबा म्हणे लॅबवाल्यांनीच गडबड केली. आठ दिवसांनी उपाशीपोटी परत केलं तर १८२. बाबा खूश, म्हणे पाहा मी म्हणत होतो.

बाबा, दोन्ही आकडे खरेच होते. मी अकरा वर्षं झाली लॅबमध्ये काम करते, रोज शंभर-सव्वाशे ट्यूब माझ्या हातातून जातात. रक्ताची ट्यूब मशीनमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं, सीरम म्हणतो आम्ही, आरपार दिसायला पाहिजे ते. पण भरपूर तेलतूप खाऊन दोन-तीन तासांनी कोणी आलं तर तेच सीरम गढूळ दिसतं, कधी कधी चक्क दुधासारखं पांढरं. अशी ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी वर सायीसारखा थर येतो. ती आदल्या जेवणातली चरबीच असते. पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हा मला वाटीवर तरंगणारी तर्री आठवली होती, अन् मग बाबा तुम्हीच आठवले.

होतं असं की जेवणातली चरबी आतड्यात पचते आणि आतडं तिचे बारीक बारीक गोळे बांधतं, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. साखर कशी आधी लिव्हरमध्ये जाते, तसं हे गोळे जात नाहीत, ते लसिका नावाच्या पांढुरक्या द्रवाच्या वेगळ्या नळीतून वर छातीत चढतात आणि गळ्याजवळच्या शिरेत येऊन रक्तात मिसळतात. तिथून पूर्ण शरीरभर फिरतात. स्नायू आणि चरबीच्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला एक एन्झाइम बसलेलं असतं, ते या गोळ्यांतली चरबी काढून घेतं, आणि उरलेला छोटा गोळा लिव्हरनं उचलायचा असतो. हा उरलेला गोळाच त्रासाचा, कारण तो इतका लहान होतो की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकतो, अन् आत कोलेस्टेरॉल घेऊनच शिरतो. डोनाल्ड झिल्व्हरस्मिट नावाच्या शास्त्रज्ञानं १९७९ मध्येच मांडलं होतं की धमन्या खराब होण्याचं काम जेवणानंतरच्या तासांत होतं. तरी पुढे कित्येक वर्षं सगळे उपाशीपोटीच तपासत राहिले.

आता आपल्या घरचा दिवस पाहा. सातला पोहे, साडेबाराला जेवण, पाचला चहासोबत चिवडा नाहीतर आलूबोंडा, रात्री साडेनऊला जेवण. चरबी जेवल्यावर तीन-चार तासांनी रक्तात सगळ्यात जास्त असते आणि पहिल्या जागी यायला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे बाबांचं रक्त सकाळी सातपासून रात्री तीन-चारपर्यंत खाली येतच नाही. त्यात आतडं थोडी चरबी राखून ठेवतं अन् पुढच्या जेवणाच्या वेळी सोडतं, म्हणून सावजीचं तेल रविवारच्या पोह्यांबरोबर परत रक्तात आलं असेल तर मला काही नवल वाटत नाही. उपाशीपोटीचा १८२ हा दिवसातला सगळ्यात शांत क्षण आहे, बाकीचा दिवस तो २६८ च्या जवळपासच जातो. परदेशात २०१६ मध्ये डॉक्टरांच्या मोठ्या संघटनांनी मिळून सांगितलं की नेहमीच्या लिपिड (रक्तातल्या चरबीच्या) तपासणीला उपाशी राहायची गरज नाही, जेवून केली तर ट्रायग्लिसराइड १७५ च्या आत पाहिजे, उपाशी केली तर १५० च्या आत, अन् जेवून फार जास्त आलं, ४४० च्या वर, तर परत उपाशी करून घ्यायची.

आई आता तू ऐक, आणि कुकर बंद करून ये.

त्या रविवारी तुझंही रक्त घेतलं होतं, तू तर उपाशी होती. ट्रायग्लिसराइड १४८ आलं, दीडशेच्या आत, म्हणून सगळे म्हणाले आईचं बरं आहे, अन् कागद घडी करून देवघराच्या ड्रॉवरमध्ये. कोणी पूर्ण वाचलाच नाही. मीही नाही वाचला तेव्हा, बाबांच्याच कागदात गुंतली होती, इथे पुण्याला आल्यावर फोटो झूम करून पाहिला आणि रात्री झोप नाही लागली.

तुझं टोटल कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५२. टोटलमधून एचडीएल वजा केलं की जे उरतं त्याला नॉन एचडीएल म्हणतात, धमनीत शिरू शकणारे सगळे गोळे त्यात आले, आणि जेवून करा की उपाशी, हा आकडा फारसा हलत नाही. बाबांचं पहिल्यांदा १७६ होतं, दुसऱ्यांदा १७८. आई, तुझं १७६ आहे. बाबांचं आहे तेवढंच. १३० च्या आत असलेलं बरं असतं. म्हणजे ज्या आकड्यावरून बाबांसाठी पूर्ण घर हललं त्याच जागी तू पण उभी आहेस, अन् तुला कोणी साधं विचारलं पण नाही. (बाबा, पहिल्या रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२२ म्हणून तुम्ही सगळ्यांना दाखवत होते ना, तो मोजलेला नव्हता, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढलेला होता, ट्रायग्लिसराइड वाढलं म्हणून जास्त वजा झालं. उपाशी केला तर १४२ निघाला. आईचा १४६ आहे.)

आपल्याकडे हार्टची गोष्ट निघाली की माणसांचीच निघते. बायांना काय होते बापा, असंच सगळे म्हणतात, आजी पण म्हणायची. अन् एका वयापर्यंत त्यात तथ्य आहे. पाळी चालू असते तोवर तेच जेवण बाईनं आणि माणसानं खाल्लं तरी बाईच्या रक्तात चरबी कमी चढते आणि लवकर उतरते. इस्ट्रोजेन या बायांच्या हार्मोनचा हात असतो त्यात, शिवाय बायांच्या मांड्या अन् कमरेखालची चरबी ही जेवणातली चरबी पटकन ओढून जपून ठेवते. माणसांची पोटाच्या आत जमते, लिव्हरच्या शेजारी, ती जास्त त्रास देते. पाळी गेली की मात्र हे राखण संपतं. एलडीएल वाढतं, जेवणानंतरची चरबी रक्तात जास्त वेळ राहते, आणि पोट सुटायला लागतं. तू म्हणते ना की ब्लाऊज कमरेत घट्ट व्हायला लागले, खाणं तर तेवढंच आहे, काहून असं. हे म्हणून. तू ४६ ची होती तेव्हाचा तुझा रिपोर्ट माझ्याजवळ आहे, माझ्या नोकरीचं पहिलंच वर्ष होतं म्हणून मीच करवला होता, टोटल १८१ आणि ट्रायग्लिसराइड ८८. ४९ ला पाळी गेली. आता ५७. मधल्या आठ वर्षांत एकदाही तपासणी नाही, बाबांची दर सहा महिन्यांनी.

त्यात तुझी तीन महिन्यांची शुगर ६.१ आहे. डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहे, अन् इन्शुलिन नीट काम करत नसलं की जेवणातली चरबी उचलण्याचं काम पण मंदावतं. २००७ मध्ये अमेरिकेत आणि डेन्मार्कमध्ये हजारो लोकांवरचे दोन अभ्यास आले होते, एक तर फक्त बायांवरचाच, दोन्हीकडे हेच दिसलं की जेवून असताना ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर हार्टचा धोका जास्त, अन् डेन्मार्कवाल्यात तर हा संबंध माणसांपेक्षा बायांमध्ये जास्त ठळक होता. हे वाचून मी तुझा १४८ परत पाहिला. उपाशीपोटी १४८, तर पाटवडी रस्सा खाऊन किती असेल, ते कोणीच पाहिलं नाही.

आता खाण्याचं. तुमचं दोघांचं तूप की तेल हे भांडण मी लहानपणापासून ऐकून राहिली. खरं सांगू, एका जेवणापुरतं पाहिलं तर कोणतं यापेक्षा किती याचाच जास्त फरक पडतो. दहा-पंधरा ग्रॅम चरबीनं रक्तात फार काही चढत नाही, तीस-चाळीसच्या पुढे गेलं की चढते. पोहे खायच्या मोठ्या चमच्याने तीन चमचे तेल म्हणजे चाळीस ग्रॅम झालेच. आई तू गोळाभात करते तेव्हा फोडणीचं तेल वरून पळीने घालते, बाबा म्हणतात अजून टाक, तिथेच एका माणसाचे चाळीस होतात, गोळ्यातलं मोहन वेगळंच. गोळाभात बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही आहे, मलाही तो पाहिजेच. एक पळी सगळ्यांत मिळून घाल, अन् त्या दिवशी सोबत भजे, पापड काही तळू नको.

महिनोन्महिने पाहिलं तर मात्र कोणतं तेही महत्त्वाचं. तुपातली निम्म्यापेक्षा जास्त चरबी सॅच्युरेटेड असते, ती रोज जास्त गेली की एलडीएल वाढतं, त्या जागी शेंगदाणा, करडई, सोयाबीन तेल आलं तर उतरतं. वरणावर चमचाभर तूप राहू दे. पोळीला, भाजीला, शिऱ्याला, सगळीकडे तूप नको. डालड्याचं काही घरात आणू नका, बाहेरच्या खारीत, पॅटिसमध्ये काय असते ते समजत नाही. जवसाची चटणी रोज खा, ती तुझी खरंच चांगली सवय आहे, फक्त जवस भाजून बारीक कुटलेलेच, अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात. अन् चतुर्थीच्या दिवशी दोन वेळा साबुदाणा खाऊन तू म्हणते आज पोट हलकं आहे, आई, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च आहे, जास्त झाला की लिव्हर त्यातल्या काहीचं ट्रायग्लिसराइड करतं. भगर अन् दह्याची कोशिंबीर एवढ्यावर भागव, शेंगदाणे मूठभर चालतील.

आणि चालणं, हे दोघांनी मिळून. बाबा एकटेच सकाळी अंबाझरीला जातात, आई मागे स्वयंपाकात. आता थंडी पडली आहे, नागपुरात चालायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत, मे मध्ये तर संध्याकाळी सातला पण झळा लागतात. स्नायूंमधलं ते एन्झाइम चालण्याने वाढतं, आणि त्याचा फायदा दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत टिकतो, म्हणजे आज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास भरभर चाललं तर उद्या दुपारची चरबी कमी चढते. संध्याकाळी साडेपाचला सिरियल सुरू व्हायच्या आधी निघा. रात्रीचं जेवण साडेनऊवरून आठला आणा, अन् पाचचा चिवडा बंद केला तर भूक पण लागेल.

बाबा, १८२ आला म्हणून गोळी बंद केली असं आई म्हणत होती. सुरू करा. आजच. ती डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइडसाठी दिलीच नव्हती, एलडीएलसाठी दिली होती, अन् गोळी घेत असताना तो १४२ आहे की मध्येच सोडत होते म्हणून, ते डॉक्टरांना खरं खरं सांगा.

आणि आई, मागे दोन वेळा जिना चढताना दम लागला अन् पाठीत भरून आलं तेव्हा तू गॅस म्हणून ओवा खाल्ला. बायांना हार्टचा त्रास असा पण येतो, नुसता थकवा, दम, जबड्यात नाहीतर पाठीत दुखणं, मळमळ. असं परत झालं तर ओवा नाही, लगेच बाबांना उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी अन् लगेच दवाखान्यात जा.

मी धंतोलीच्या डॉक्टरांची येत्या बुधवारची अकराची वेळ घेतली आहे, आईच्या नावाने. बाबा सोबत जातील, त्यांचं पण दाखवून होईल, पण आधी आईला आत जाऊ द्या. देवघराच्या ड्रॉवरमधला तो घडी केलेला कागद काढून आज पर्समध्ये टाका. माझ्याजवळच्या जुन्या रिपोर्टाचा फोटो मी खाली पाठवते आहे, दोन्ही सोबत दाखवा. त्या दिवशी सव्वाबाराला मी जेवायला सुटते, तेव्हा फोन करते, स्पीकरवर नको, आईच्या हातात द्या.

तुमची,
ताई