मध्या, इंजिनं बदलायच्या आधी

वॉरसॅश, साउदॅम्प्टन
14 सप्टेंबर

प्रिय मध्या,

परवा फोनवर तुझा आवाज पार उतरलेला होता. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. मेकॅनिक म्हणाला, तुझ्या बोटीची दोन्ही इंजिनं संपली, नवीन बसवा. हे पत्र वाचून होईपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नकोस. गेल्या वर्षी मलाही जवळजवळ हेच सांगितलं होतं.

माझी बोट 33 फुटी, 1986 सालची. दोन टर्बो डिझेल इंजिनं, प्रत्येकी 200 हॉर्सपॉवर. जुन्या माहितीपत्रकात वेग 24 नॉट (ताशी 24 सागरी मैल) लिहिलाय, मला मिळत होता 16. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला आणि पाठीमागे हीऽ मोठी लाट. बोट पाण्यावर चढायचीच नाही, नुसती पाणी ढकलत राहायची. इथल्या एका वर्कशॉपने इंजिनाचं झाकणही न उघडता इंजेक्टर (डिझेल फवारणारे) आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे) काढायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही. मग ठरवलं, आधी सगळं मोजायचं.

पहिला वेगच. बुडाखालचं वेगमापक चक्र शेवाळाने जड झालं होतं, त्याच्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. सोलेंटमध्ये, म्हणजे इथल्या सामुद्रधुनीत, भरती-ओहोटीची ओढ मोठी, म्हणून जीपीएस लावून एकाच रेषेत जाऊन-येऊन धावलो. 17.9 आणि 14.7, सरासरी 16.3. तुझ्याकडे मुंबई बंदरातही ओढ असतेच, तेव्हा एका दिशेचा आकडा धरू नकोस.

मग आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. डॅशबोर्डवर दोन्ही काटे 3,600 वर. पण पुलीवर चकचकीत पट्टी चिकटवून हातातल्या टॅकोमीटरने मोजलं तर डावं 3,550 आणि उजवं फक्त 3,210! उजव्याचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) कुणीतरी पूर्वी बदलला होता, त्याची पुली लहान होती. आरपीएमचा काटा अल्टरनेटरवरून चालतो, त्यामुळे तो खोटं दाखवत होता. माझी इंजिनं 3,800 ची. पूर्ण दाबूनही ती तिथे पोचत नाहीत म्हणजे एक तर त्यांच्यावर ओझं जास्त आहे, नाही तर त्यांना डिझेल किंवा हवा कमी पडतेय. आणि पोचत असतील तरीही वेग नसेल, तर बुडाखालचा, बोट ढकलणारा पंखा बघायचा. मध्या, माझा या एका आकड्यावर फार भरवसा आहे. तो हातात नसताना इंजिन खोलणं म्हणजे ताप न मोजता पोट फाडण्यासारखं आहे.

उजव्याचं कारण साधं निघालं. इंजिन बंद ठेवून मुलाला वर थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायला सांगितलं आणि मी खाली डिझेल पंपाजवळ बसलो. पंपावरचा दांडा टोकाला टेकतच नव्हता, बोटभर अंतर राहत होतं. केबल ताणली गेली होती. ती जुळवली आणि उजवं 3,430 वर आलं. एक पैसा लागला नाही. डिझेलच्या लाइनवर व्हॅक्यूम गेज लावून पाहिलं, तिथे सगळं ठीक होतं.

नंतर पूर्ण वेगात असताना इंजिनरूमचं झाकण उघडलं. दोन्ही इंजिनं शंभरेक आरपीएमने वर गेली. म्हणजे हवेची उपासमार! आवाज दाबायला लावलेला जुना फोम सुटून हवेच्या झडपांवर लोंबत होता, त्याचा भुगा एअर फिल्टरमध्ये गेला होता. तुझ्या बोटीत हे नक्की बघ. इतक्या जुन्या बोटीतला फोम हाताला लागला की कुस्करतो. उघड्या झाकणाजवळ मात्र सांभाळून, कुणी वाकू नये.

खरी गोष्ट बुडाखाली होती. क्रेनने बोट उचलली तेव्हा बूड बऱ्यापैकी स्वच्छ, पण पंख्यांवर पांढऱ्या टणक बार्नॅकलची, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचधारी जीवांची, खरूज. बुडाला थोडं शेवाळ असलं तर बोट सोसते. पंख्याच्या पात्याचा आकारच बिघडला की काही सोसत नाही. घासून झाल्यावर मला तुझे बाबा आठवले. नारळी पौर्णिमेआधी मचव्याच्या पंख्यावर पान्याने टिचकी मारून कान लावायचे, आठवतं? मीही तेच केलं. डावा घंटेसारखा घणघणला. उजव्याचा आवाज बसका आला. पितळी पंख्यातलं जस्त निघून गेलं की धातू गुलाबीसर दिसतो आणि असाच वाजतो, म्हणून जीव घाबरला. पण रंग ठीक होता. दोन पात्यांची टोकं वाकली होती आणि एकात बारीक तडा होता. पंख्यांच्या कारागिराने तो सांधला आणि पाती सरळ करून दिली.

पंख्यावर 18 इंच पिच कोरलेली आहे, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात तो तेवढा पुढे जाईल, गिअरबॉक्स दोनास एक. म्हणजे 3,800 आरपीएमला पंखा मिनिटाला 1,900 वेळा फिरतो. पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर बोट 28 नॉटने गेली असती. पंखा पाण्यात घसरतो, त्यामुळे माझ्यासारख्या बोटीत त्यातला पाचवा हिस्सा गेला तर रास्त. माझा आधी 35 टक्के जात होता.

सगळं जुळवून पाण्यात उतरवली. डावं 3,780, उजवं 3,760, सरासरी वेग 21.8 नॉट. घसर आली 22 टक्क्यांवर. नाळ खाली आली आणि बोट पाण्यावर अशी चढली की मुलगा ओरडलाच. 24 मिळणार नाहीत. ते आकडे रिकाम्या, नव्या बोटीचे असतात आणि चाळीस वर्षांत बोटीचं वजन वाढतंच. माझा जीव वेगापेक्षा इंजिनांसाठी हलका झाला. ओझ्याखाली काळा धूर ओकत चालणारं टर्बो डिझेल आतून भाजत जातं.

आता तुझं. पावसाळाभर तुझी बोट रेवसच्या खाडीत पाण्यातच होती. आपल्या गरम पाण्यात बार्नॅकल इथल्यापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतात. तेव्हा आधी पाणबुड्याला उतरव किंवा ओहोटीला बोट टेकवून पंखे बघ, पंख्याच्या शाफ्टला जाळ्याची दोरी गुंडाळली असेल तर तीही सापडेल. पाण्याची टाकी भरलेली असेल तर रिकामी कर, 400 लिटर म्हणजे 400 किलो. आणि तिथलं पाणी कोमट, त्यामुळे टर्बोची हवा इथल्याइतकी थंड होत नाही, इंजिनं शेवटचे थोडे आरपीएम कमी देतील. त्याने घाबरू नकोस.

एवढं झालं की मला आकडे पाठव: दोन्ही इंजिनांचे मोजलेले आरपीएम, दोन्ही दिशांचा वेग, पंख्यावर कोरलेले आकडे, गिअरबॉक्सचं प्रमाण, आणि धूर कुठल्या इंजिनाचा, कुठल्या रंगाचा. हिशेब मी त्याच रात्री करून कळवतो. टॅकोमीटर तिथे मिळाला नाही तर सांग, डिसेंबरात येताना माझा घेऊन येतो.

वहिनींना आणि आईंना नमस्कार.

तुझा,
अन्या