सूचना: स्कूबा डायव्हिंगच्या गिअरला हूक-रिंगा लावण्याचं काम, रविवारी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता क्लबच्या सामानाच्या खोलीत आपापल्या बीसीडीला (पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळणाऱ्या हवेच्या जॅकेटला) अटॅचमेंट पॉइंट (सामान अडकवायच्या जागा) लावायचे आहेत. पुढच्या डाइव्हला येणाऱ्या प्रत्येकाने यावं.

सोबत आणा: बीसीडी, गेज (हवेचा दाब दाखवणारं मीटर), टॉर्च, स्टेनलेस स्टीलचे बोल्ट स्नॅप (सरकत्या खिळीचे हूक), २-३ मिमी जाड नायलॉन दोरी, बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी), कात्री, लायटर.

बोल्ट स्नॅप होजला (हवेच्या नळीला) नायलॉन दोरीनेच बांधायचा. दोरी दोन-तीन वेढे घेऊन घट्ट आवळा, गाठ मारा आणि टोकं लायटरने वितळवून गाठीवर दाबून बसवा. धातूला धातू थेट जोडू नका. पाण्याखाली हूक अडकला, तर दोरी चाकूने कापता येते. स्टीलची कडी कापता येत नाही. हे काम सावकाश करा, घाई नको.

- गिर्यारोहणाचे दाबून उघडणारे कॅराबिनर चालणार नाहीत. त्यात मासेमारीची दोरी आपोआप शिरून अडकते.
- बीसीडीला भोक पाडायचं नाही. हवेची पिशवी फुटेल.
- वजनाच्या खिशांच्या आणि डंप व्हॉल्व्हच्या (बीसीडीतली हवा सोडणाऱ्या झडपेच्या) ओढण्यांना काहीही बांधू नका.

ऑक्टोपस (जोडीदाराला श्वास घेण्यासाठीचा जादा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं उपकरण) लोंबकळत ठेवू नका. छातीजवळ, जोडीदाराला एका झटक्यात ओढता येईल असा लावा. नवीन जोडणी आधी तलावात, हातमोजे घालून तपासायची, मगच समुद्रात.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.