वहीतल्या ‘शेरा’ रकान्याबद्दल आबांचे आभार

आदरणीय आबा,
सा. न. वि. वि.

कृषी व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्रातील माझा पीएच.डी. प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला आहे. ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख आहेच, पण तेवढ्याने माझे समाधान होईना, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठची उसाची जमीन क्षारपड कशी होते, हे मी पुस्तकांत वाचले होते. भारी काळी माती, जादा पाणी, निचऱ्याचा अभाव, वर येणारी भूजल पातळी आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहणारे क्षार, असा तो क्रम आहे. माझा प्रश्न त्यापुढचा होता. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असताना पाणी कमी का होत नाही?

त्याचे उत्तर तुमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या कपाटात होते. सचिव या नात्याने तुम्ही ठेवलेल्या वह्यांत गट नंबर, पीक, गुंठ्यांतले क्षेत्र, पाळीची तारीख आणि बाकी हे तर होतेच. परंतु शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात तुम्ही ‘ऊस पिवळा’, ‘सरीत पाणी तुंबले’, ‘पांढरे फुटले’ आणि काही वर्षांनी त्याच गटापुढे नुसते ‘पड’ असे लिहून ठेवले होते. असे लिहिण्याचे बंधन तुमच्यावर कोणीही घातलेले नव्हते. ते शेरे मी गावच्या नकाशावर गटवार मांडले, तेव्हा ओढ्यालगतच्या खोलगट रानातून क्षारपड वरच्या अंगाला कशी सरकत गेली, हे प्रथमच स्पष्ट झाले.

त्याच वह्यांतून दुसरी गोष्ट उलगडली. पाणीपट्टी एकरी ठरलेली असल्यामुळे सरी जेमतेम भिजली काय किंवा तुडुंब भरली काय, आकारणी तीच राहते. जादा पाण्याची किंमत पाजणारा भरत नाही, ती खालच्या शिवारातला शेतकरी पिकाच्या रूपाने भरतो. अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला बाह्य खर्चाचा, म्हणजे एकाच्या कृतीमुळे दुसऱ्यावर पडणाऱ्या खर्चाचा विचार मला पाठ होता, पण तो खर्च कोणत्या गटातून कोणत्या गटात उतरतो, हे तुम्ही बांधावर उभे राहून दाखवलेत.

जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून जादा पाणी काढण्याच्या निचऱ्याबाबत तर माझे पूर्ण प्रकरणच तुमच्यामुळे बदलले. मी फक्त खर्च आणि उत्पन्नाचा हिशेब मांडत होतो. पाइपचे पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे तर ते खालच्यांच्या रानातून जाते आणि एकाने नकार दिला की वरच्या सगळ्यांचे काम अडते, हे तुम्ही लक्षात आणून दिलेत. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये म्हटले होते की, वाटाघाटीचा खर्च नसेल तर माणसे आपसांत तोडगा काढू शकतात. येथे सगळी अडचण त्या खर्चातच आहे. भाऊबंदकी, सामाईक सातबारा, पुण्या-मुंबईला राहणारे खातेदार या साऱ्यांतून संमती गोळा करत तुम्ही ज्या चिकाटीने दारोदार फिरलात, ते श्रम कोणत्याही प्रकल्प अहवालात धरलेले मला आढळले नाहीत. माझ्या प्रबंधात त्यांना खर्चाचा स्वतंत्र घटक मानले आहे, आणि माझ्या मते त्या प्रबंधातील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

तुमच्या वह्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि निचऱ्याच्या प्रकरणाचा मराठी अनुवाद पुढील वार्षिक सभेपूर्वी संस्थेकडे पोहोचवतो. नकाशात काही गट चुकले असल्यास सभासदांनी जरूर सांगावे. काकूंना नमस्कार.

तुमचा कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी