त्या २२ टक्क्यांबद्दल

प्रिय नंदू,

तुझा मेसेज मिळाला. सॉफ्टवेअरने तुझ्या प्रबंधात आधी छापलेल्या मजकुराशी २२ टक्के साम्य दाखवलं म्हणून तुझी झोप उडालीय आणि हा आकडा १० च्या खाली कसा आणायचा, एवढंच तुला हवंय. रिपोर्ट उघड आणि रंगवलेल्या ओळी एकेक करून बघ. त्यात तुझी संदर्भसूची असेल, अवतरणचिन्हांत दिलेले उतारे असतील, 'प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत' असली सगळ्याच प्रबंधांत सापडणारी वाक्यं असतील. ते वगळून जे उरेल त्याचीच काळजी कर. यंत्र फक्त शब्द जुळवतं. उचलेगिरी झाली की नाही, हे माणसानेच बघावं लागतं.

पण पुढे तू लिहिलंयस, 'सरळ शब्द बदलून टाकतो.' ते मात्र करू नकोस. या सत्रात आम्हाला संशोधन पद्धतीचा पेपर आहे (कंटाळवाणा असेल असं वाटलं होतं, तसा निघाला नाही). त्यात मॅडमनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. पहिलं: 'सततच्या गोंगाटामुळे मुलांची एकाग्रता ढळते आणि त्यांचा वाचनाचा वेग मंदावतो.' दुसरं: 'अखंड आवाजामुळे बालकांचे लक्ष विचलित होते आणि त्यांच्या वाचनाची गती कमी होते.' दुसऱ्याला सॉफ्टवेअर बहुधा सोडून देईल. पण सांगाडा तोच, क्रम तोच, नुसते कपडे बदललेत. खाली मूळ लेखकाचं नाव नसेल तर हे वाङ्मयचौर्यच. नाव दिलं तरी तो मजकूर तुझा होत नाही. मॅडमचं म्हणणं असं की परिच्छेद वाचायचा, पान मिटायचं, काय कळलं ते लिहायचं आणि मग मूळाशी ताडून बघायचं. पान मिटल्यावर काहीच लिहिता येत नसेल, तर ते आपल्याला कळलेलंच नसतं.

आणि आज सुटलं म्हणजे कायमचं सुटलं, असंही नाही. जर्मनीच्या शिक्षण आणि संशोधन मंत्री ॲनेटे शावान यांची डॉक्टरेट १९८० ची. ती २०१३ मध्ये विद्यापीठाने काढून घेतली आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. खातं कोणतं होतं ते परत एकदा वाच.

खरं सांगू का, मला तुझ्या टक्क्यांपेक्षा तुझ्या संदर्भसूचीची जास्त काळजी वाटते. त्यातले किती लेख तू स्वतः उघडून वाचलेत? दुसऱ्याच्या लेखातली तळटीप उचलून, मूळ लेख न बघताच आपल्या यादीत टाकायची, हे सर्रास चालतं. कोणतंही सॉफ्टवेअर ते पकडत नाही.

पालकाची गोष्ट तू ऐकलीच असशील. एकोणिसाव्या शतकात म्हणे कुणा जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडलं, पालकातलं लोह दहापट दिसलं, आणि म्हणून कार्टूनमधला खलाशी पॉपाय ताकदीसाठी पालक खायला लागला. १९८१ मध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी ही गोष्ट 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिली. लेखात तिला कसलाच आधार दिलेला नव्हता. तरी जर्नल नावाजलेलं, गोष्ट चटकदार. मग ती या लेखातून त्या लेखात फिरत राहिली. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकाने मागोवा घेतला, तेव्हा दशांशचिन्हाच्या त्या चुकीचा पुरावा काही सापडेना. स्वतः हॅम्ब्लिन यांनाही ती कुठे वाचली ते आठवेना. पॉपायसुद्धा जुन्या चित्रपट्टीत पालकाची थोरवी सांगतो ती 'अ' जीवनसत्त्वासाठी, लोहासाठी नाही! गंमत म्हणजे 'आकडे तपासून घ्या' हे पटवायलाच लोक ही गोष्ट सांगत होते, आणि तीच कुणी तपासली नव्हती.

म्हणून 'जर्नलमध्ये छापलंय' एवढ्यावर विसंबू नकोस. २०१३ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुकांनी भरलेला एक बनावट शोधनिबंध ३०४ जर्नल्सना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. आणि चांगल्या जर्नलमध्येही निबंध पुढे मागे घेतले जातात. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा निबंध 'द लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला आणि २०१० मध्ये रद्द केला. तू त्याची जुनी पीडीएफ उतरवून ठेवली असशील तर तिच्यावर हे कुठून दिसणार? त्यामुळे निबंध जर्नलच्याच संकेतस्थळावर जाऊन बघायचा. माझ्यापुरती मी एक सवय लावून घेतलीय: लेखकाने काय मोजलं, कितीजणांवर मोजलं आणि पैसा कुणाचा होता, हे आधी वाचते. सारांश सगळ्यात शेवटी. सारांशात प्रत्येकजण हुशार वाटतो.

आता असं कर. तुझी सूची पाठव, आणि जे लेख स्वतः वाचलेस त्यांच्यापुढे खूण कर. उरलेले आपण वाटून घेऊ. ज्याची मूळ प्रत मिळतच नाही, तिथे 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असं लिहायची सोय आहे. त्यात कमीपणा काही नाही. गाईडना २२ चा आकडा रिपोर्टसकट तू स्वतःच दाखव, त्यांना दुसरीकडून कळण्याआधी.

तुझी,
मीरा

ता. क. सूचीतले काही संदर्भ चॅटबॉटने सुचवलेले असतील तर आधी ते अस्तित्वात आहेत का, ते बघ. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले. असे निवाडे कधी झालेच नव्हते. दंड ५,००० डॉलर.